हिमक्षेपक, ट्रॅक्टरचलित

ट्रॅक्टरच्या इंजिनापासून शक्ती घेऊन (पहा : ट्रॅक्टर) वाटेवरील हिम गोळा करणारे व नळीवाटे दूर फेकणारे यंत्र. टोरँटोचे दंतवैद्य जे. डब्ल्यू. एलियट यांनी 1869 मध्ये लोहमार्गासाठी फिरत्या हिमनांगराचे पेटंट घेतले. रस्त्यासाठी स्वयंचलित हिमक्षेपक क्वेबेकच्या आर्थर सिकार्ड यांनी 1925 मध्ये सिद्ध केला.

मळसूत्री दंड हिम मध्यभागी आणतो व पंखचक्र ते भिरकावते. पल्ला हा क्षेपणवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने, 60 सेंमी. व्यासाचे चक्र मिनिटास 540 फेरे घेत असता टोकाचा वेग सेकंदास सुमारे 17 मी. व त्या वेगाचा निर्वातातील कमाल पल्ला सुमारे 29 मी. येतो (पहा : प्रक्षेप्य); परंतु हवेच्या रोधामुळे, विशेषतः भुसभुशीत हिमाच्या बाबतीत, तो पुष्कळच घटतो. पंख व कवच यांमधील ज्या फटीतून हिम मागे निसटते, ती पंखांना रबरी पट्ट्या जोडून बुजविणे हा पल्ला वाढविण्याचा सर्वांत अल्पखर्ची उपाय असून ओल्या, चिकट हिमात त्याचा गुण अधिक दिसतो. नळीच्या अंतर्भागास गुळगुळीत लेप दिल्याने घर्षण व तुंबणे कमी होते. दंडाचे फेरे नियत मर्यादेपलीकडे नेणे मात्र वर्ज्य मानतात.

दीर्घ हिवाळ्याच्या प्रदेशांत कडेचे ढीग उंचावत जातात, तेव्हा अपुऱ्या पल्ल्यामुळे तेच हिम पुन्हा उपसावे लागते.