शिकवण्याची पद्धत बदलली की मुलांची आवड आणि गुण दोन्ही बदलतात का? तानसाच्या परिसरातून समजून घेऊ

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात तानसा नदीवर एक दगडी धरण आहे. ते १८९२ साली पूर्ण झालं आणि आजही मुंबईला पाणी पुरवतं. भातसा धरणही याच तालुक्यात आहे. तरीही उन्हाळा आला की शहापूरच्या अनेक पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. हे विरोधाभासाचं उदाहरण तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. पण याच पाड्यांवरची मुलं नववीच्या वर्गात 'गुणोत्तर आणि प्रमाण' शिकताना धरणाऐवजी दोन गाड्यांच्या वेगाचं उदाहरण वहीत उतरवून घेतात. मग 'आमच्या मुलांना गणिताची आवडच नाही' असं सगळे म्हणतात.

खरंच आवड नाही, की शिकवण्याची पद्धत तिथपर्यंत पोचत नाही? शिक्षणशास्त्रात या प्रश्नावर गेल्या पन्नास वर्षांत बरंच काम झालं आहे, आणि त्यातलं महत्त्वाचं काम महाराष्ट्रातलंच आहे.

थोडक्यात उत्तर

पद्धतीचा परिणाम दोन्हींवर होतो, पण सारखा नाही. गाणी, खेळ, व्हिडिओ यांनी मुलांना तास आवडू लागतो, मात्र तेवढ्याने गुण वाढतीलच असं नाही. उलट घोकंपट्टीने परीक्षेपुरते गुण मिळू शकतात आणि विषयाची नावड पक्की होऊ शकते. दोन्ही गोष्टी एकत्र वाढवणाऱ्या पद्धतींमध्ये एक समान धागा दिसतो: 'मला हे जमतंय' हा अनुभव त्या मुलाला देतात.

वृत्ती आणि संपादणूक म्हणजे काय?

'संपादणूक' म्हणजे मुलाने प्रत्यक्षात किती मिळवलं. ती चाचणीतून, गुणांतून किंवा एखादं काम करून दाखवण्यातून मोजतात. 'वृत्ती' मोजणं अवघड असतं. तिच्यात तीन गोष्टी येतात: विषय आवडतो का, त्याचा उपयोग आहे असं वाटतं का, आणि तो आपल्याला जमेल असा विश्वास आहे का. यांपैकी तिसऱ्या गोष्टीचा, म्हणजे विश्वासाचा, संपादणुकीशी संबंध बराच घट्ट असल्याचं अभ्यासांत वारंवार दिसतं.

नुसत्या आवडीचं मात्र तसं नाही. गणित आणि विज्ञानाच्या 'टिम्स' या आंतरराष्ट्रीय चाचणीत जपान आणि दक्षिण कोरियाची मुलं वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकावर आहेत. पण 'गणित आवडतं का?' या प्रश्नावर त्यांचीच उत्तरं इतर अनेक देशांपेक्षा थंड असतात. म्हणून 'आधी आवड निर्माण करा, यश आपोआप येईल' हे वाक्य अर्धंच खरं आहे. बहुतेक वेळा क्रम उलटा चालतो: थोडं जमलं की आवडू लागतं, आवडलं की मूल अधिक प्रयत्न करतं.

शहापूर-मुरबाडमध्ये प्रश्न वेगळा का?

या दोन तालुक्यांत ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली अशा आदिवासी समाजांची मोठी वस्ती आहे. बरीच मुलं आश्रमशाळांत राहून शिकतात. माध्यमिक वर्गात येईपर्यंत त्यांच्यापुढे तीन अडचणी साचलेल्या असतात.

पहिली भाषेची. घरी ठाकरी, कातकरी किंवा वारली बोली आणि पुस्तकात संस्कृतप्रचुर प्रमाण मराठी. दुसरी हजेरीची. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पावसाळ्यात भाताच्या आवणीला घरात प्रत्येक हात लागतो. तिसरी अडचण मागच्या इयत्तांत राहून गेलेल्या पायाची.

ही तिसरी अडचण फक्त आदिवासी भागाची नाही. २०२३ च्या 'असर' सर्वेक्षणात देशातल्या २८ जिल्ह्यांत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची पाहणी झाली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं नाही. सुमारे एक चतुर्थांश मुलांना आपल्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा अस्खलित वाचता आला नाही. अशा मुलापुढे थेट बहुपदी मांडली, तर त्याची वृत्ती काय होणार? ते मागच्या बाकावर गप्प बसतं. त्या गप्प बसण्याला आपण 'रस नाही' असं नाव देतो.

भाषा सोपी केली तर?

मुंबईत १९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. या केंद्राने जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या शाळांत आणि मुंबई महापालिकेच्या शाळांत काम केलं. केंद्राचे संस्थापक संचालक वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक गोष्ट खटकली. मुलं विज्ञानात अडतात असं वाटत होतं, पण बऱ्याचदा ती विज्ञानाच्या भाषेत अडत होती.

मग विज्ञानाचा मजकूर सोप्या भाषेत आणून त्याचा परिणाम तपासला गेला. आशय तोच ठेवला, वाक्यं सोपी केली. मुलांची विज्ञानातली कामगिरी सुधारली, आणि ती वर्गात अधिक बोलूही लागली. म्हणजे संपादणूक आणि वृत्ती दोन्ही हलल्या, त्याही कोणत्याही महागड्या साधनाशिवाय.

१९८० च्या दशकात याच केंद्राने महापालिकेच्या माध्यमिक शाळांतल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी विशेष उपक्रम चालवला. मुलांच्या नेमक्या चुका शोधणं, त्यांना प्रश्न विचारू देणं, प्रयोग करायला लावणं आणि लिहिण्या-बोलण्याचा सराव देणं यावर भर होता. शालान्त परीक्षेत या मुलांनी लक्षणीय प्रगती दाखवली. ज्यांच्याकडून फारशी अपेक्षा ठेवली जात नव्हती, त्याच मुलांची ही कामगिरी होती.

शहापूरच्या शिक्षकासाठी यातला धडा सरळ आहे. 'बाष्पीभवन' हा शब्द फळ्यावर लिहिण्याआधी 'वाळत घातलेल्या कपड्यातलं पाणी जातं कुठे?' हे विचारता येतं, आणि उत्तर मुलांच्या बोलीत आलं तरी चालतं. शास्त्रीय शब्द टाळायचा नाही, कारण परीक्षेत तोच लागतो. तो कल्पनेच्या मागून आणायचा.

हाताने करून शिकणं

आदिवासी मुलांची शाळा कशी असावी, याचा एक मोठा प्रयोग जुन्या ठाणे जिल्ह्यातच झाला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. हा भाग आता पालघर जिल्ह्यात आहे. मुलं शाळेत येत नसतील तर शाळा अंगणात न्यायची, गुरं चारायला गेली असतील तर कुरणात भरवायची, आणि दगड, बिया, पानं हीच साधनं मानायची, हे त्यांनी करून दाखवलं. ते काम लहान मुलांचं होतं, पण त्यामागचं तत्त्व माध्यमिक वयालाही लागू पडतं: मुलाचं जगणं हा शिकण्यातला अडथळा नसून कच्चा माल आहे.

माध्यमिक वर्गांसाठी असाच विचार डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यात पाबळला सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाने केला. तिथून पुढे आलेल्या 'मूलभूत तंत्रज्ञान ओळख' या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती, माती-पाणी परीक्षण अशी कामं करतात, आणि त्यातून मोजमाप, क्षेत्रफळ, खर्चाचा हिशेब शिकतात.

इथे एक सावधगिरी हवी. नुसतं 'करून बघा' म्हणून मुलांना मोकळं सोडलं, तर पाया कच्चा असलेली मुलं गोंधळतात. २००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी दाखवून दिलं की नवशिक्या विद्यार्थ्याला पुरेसं मार्गदर्शन नसेल, तर शोधून शिकण्याचा फायदा होत नाही. आधी शिक्षकाने एक उदाहरण सोडवून दाखवावं, मग अर्धं सोडवलेलं द्यावं, मग पूर्ण मुलावर सोपवावं.

गटात शिकणं: कधी उपयोगी, कधी नुसता गोंगाट?

१९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात आली होती आणि तणाव होता. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी धड्याचे तुकडे केले, गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दिला आणि तो इतरांना समजावून सांगायला लावला. कोणाचंही दुसऱ्यावाचून भागेना. मुलांना शाळा अधिक आवडू लागली, आत्मविश्वास वाढला आणि मागे पडलेल्या मुलांचे गुणही सुधारले. या पद्धतीला 'जिगसॉ' म्हणतात.

त्यातली कळ 'प्रत्येकाकडे स्वतःचा तुकडा' ही आहे. एरवी गटकार्यात एक हुशार मूल लिहितं आणि बाकीचे बघतात. गाव-पाड्याच्या मिश्र वर्गात तर बोलकी मुलं पुढे आणि पाड्यावरची गप्प असंच होतं.

गुण की शेरा?

१९८८ मध्ये इस्रायलमधल्या रूथ बटलर यांनी विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाला तपासलेल्या कामावर फक्त गुण दिले, दुसऱ्याला फक्त काय सुधारायचं ते सांगणारा शेरा, तिसऱ्याला दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांची कामगिरी आणि रस दोन्ही टिकले. दोन्ही मिळालेल्यांना मात्र शेऱ्याचा फायदा झाला नाही. गुण दिसले की मूल शेरा वाचत नाही. आपल्याकडच्या 'आकारिक मूल्यमापना'चा मूळ हेतूही हाच आहे. प्रत्यक्षात त्याची नोंदवही भरण्यातच शिक्षकाचा वेळ जातो.

उपदेशाने वृत्ती बदलते का? अमेरिकेत सुमारे १२ हजार नववीच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 'मेंदू सरावाने वाढतो' हे तासाभराहून कमी वेळात शिकवलं गेलं. मागे असलेल्या मुलांच्या श्रेणीत थोडीच, पण खरी वाढ झाली. मात्र ती जिथे सोबतीही आव्हान पेलायला तयार होते, तिथेच नीट दिसली.

तानसाचं गणित: एक तास असा असू शकतो

मुंबई महापालिकेच्या आकड्यांनुसार तानसाची साठवण क्षमता १,४५,०८० दशलक्ष लिटर, म्हणजे १४,५०८ कोटी लिटर आहे. मुंबईला रोज साधारण ३९० कोटी लिटर पाणी दिलं जातं. भरलेलं तानसा एकट्याने शहराला किती दिवस पुरेल? भागाकार करा: सुमारे ३७ दिवस.

आता ५०० वस्तीचा एक पाडा घ्या. जल जीवन मिशनचं प्रमाण माणशी रोज ५५ लिटर. म्हणजे २७,५०० लिटर, दहा हजार लिटरचे तीन टँकर. मग मुंबईचं एका दिवसाचं पाणी या पाड्याला किती काळ पुरेल? उत्तर येतं सुमारे ३८८ वर्षं.

इथे वर्ग नक्की बोलू लागेल, आणि खरं शिकवणं इथूनच सुरू होतं. ही तुलना बरोबर आहे का? मुंबईत माणसं किती? २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १ कोटी २४ लाख. मग माणशी किती? सुमारे ३१५ लिटर. पण त्यात कारखाने, रुग्णालयं आणि गळती धरलेली आहे, शिवाय लोकसंख्या जुनी आहे. मग न्याय्य तुलना कोणती? एकूणाकडून दरडोईकडे जाणं, म्हणजेच गुणोत्तर. ५०० च्या जागी प्रत्येकाने आपल्या पाड्याचा आकडा घालायचा, आणि भागाकार न येणाऱ्या मुलाला आधी छोटी संख्या द्यायची.

पद्धत काय करू शकत नाही?

चांगली पद्धत रिकामी शिक्षकाची जागा भरत नाही, वीटभट्टीवरून मूल परत आणत नाही, आणि आश्रमशाळेतलं जेवण सुधारत नाही. शिवाय या लेखातले बरेच प्रयोग शहरांत किंवा परदेशात झाले आहेत, त्यामुळे ते जसेच्या तसे उचलून चालत नाही. मात्र परतलेलं मूल वर्गात टिकेल की नववीत शाळा सोडेल, यात पद्धतीचा वाटा मोठा असतो. चार महिने बुडालेल्या मुलाला 'चालू धडा उतरवून घे' म्हणणं ही पद्धतच आहे, आणि 'तुला कुठपर्यंत येतं ते बघू' म्हणणं हीसुद्धा.

पालक म्हणून तुम्हाला एवढं करता येतं: निकालाच्या दिवशी 'किती मिळाले?' याच्या जोडीला 'मागच्या महिन्यात येत नव्हतं असं आता काय येतं?' हेही विचारा. ज्या मुलाकडे या प्रश्नाला उत्तर असतं, त्याला विषयाची आवड आहे का, हे वेगळं विचारावं लागत नाही.