हरताळ न फासता

जुन्या पोथीत लेखनिकाचं अक्षर चुकलं, की त्यावर पिवळ्या हरताळाचा लेप देत आणि वाळल्यावर नवं अक्षर लिहीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. तल्मुदच्या बाबतीत मात्र थोर यहुदी पंडितांनी निराळी वाट आखून दिली: मूळ अक्षराला हात लावायचा नाही, चूक वाटली तर शेजारी समासात लिहायचं. तल्मुदच्या जुन्या प्रतीच्या कडेला बारीक हस्ताक्षर दिसतं, त्याचं कूळ या वाटेवर सापडतं.

तल्मुद म्हणजे यहुदी धर्मनियमांवर शेकडो वर्षं चाललेला वाद, प्रश्न-प्रतिप्रश्नांसकट लिहून ठेवलेला. नकला करताना त्यात चुका शिरणारच. तरीही मूळ पाठ खोडून सुधारणाऱ्यांना अकराव्या शतकातले रब्बी गेर्शोम यांनी शाप दिला होता, अशी नोंद बाराव्या शतकातले फ्रेंच पंडित रब्बेनू ताम यांनी केली आहे. त्यांचे आजोबा म्हणजे तल्मुदचे महान टीकाकार राशी (१०४०–११०५). राशींना एखादा पाठ चुकीचा वाटला तर ते आपल्या टीकेत तसं म्हणत. ग्रंथात घुसवत नसत. ताम यांना या संयमाचं फार मोल होतं, कारण त्यांच्या भोवती सर्रास खाडाखोड चालली होती. खोडलेलं अक्षर परत येत नाही, आणि चूक वाचणाऱ्याचीही असू शकते.

राशींची टीका आधी सुट्या वह्यांमध्ये होती. छपाईनं तिला पानावर कायमची जागा दिली. इटलीतल्या सोन्सिनो गावी १४८३-८४ मध्ये छापलेल्या ‘बेराखोत’ या भागात मधोमध मूळ पाठ, बांधणीच्या बाजूला राशी आणि बाहेरच्या बाजूला ‘तोसाफोत’, म्हणजे राशींचे नातू व त्यांच्या शिष्यपरंपरेची भर. पुढे व्हेनिसमध्ये डॅनियल बोम्बर्ग या ख्रिस्ती मुद्रकानं १५२० ते १५२३ च्या सुमारास संपूर्ण तल्मुद छापला. त्याचे पानांचे आकडे आजही जगभर चालतात.

मग आगीचे दिवस आले. ९ सप्टेंबर १५५३ रोजी, यहुदी नववर्षाच्याच दिवशी, रोमच्या चौकात तल्मुदच्या प्रती जाळल्या गेल्या. कोणाकोणाचं हस्ताक्षर त्यात गेलं, त्याची गणती नाही. इतर हिब्रू ग्रंथांवर चर्चच्या परीक्षकांची लेखणी फिरत होती. त्यांतल्या दोमेनिको येरोसोलिमितानो यांची सही अनेक ग्रंथांच्या शेवटच्या पानावर आढळते. वगळलेल्या ओळींवर परीक्षक काळी शाई फासत. कित्येक प्रतींत ती शाई आता विटली आहे आणि खालची ओळ पुन्हा वाचता येते.

वाचक लिहीतच राहिले. क्रॅकोचे रब्बी योएल सिर्केस (१५६१–१६४०) यांनी आपल्या प्रतीच्या समासात पाठाच्या दुरुस्त्या टिपल्या: इथे एक शब्द गळला आहे, इथे दोन शब्द जास्त आहेत. हे सगळं स्वतःच्या अभ्यासासाठी. जवळजवळ दोन शतकांनी, १८२४ मध्ये, वॉर्सात ते छापून आलं. आजच्या पानावर मूळ पाठात कंसात एकच अक्षर दिसतं. त्याच्या खुणेनं नजर कडेला न्यावी, की सिर्केस भेटतात. मूळ शब्द तसाच जागेवर.

मला सर्वांत जवळची वाटते ती पोझनचे रब्बी अकिवा एगर (१७६१–१८३७) यांची लेखणी. त्यांच्या टिपांचं नावच ‘गिल्योन हाशास’, म्हणजे तल्मुदचा समास. टीप बहुधा ओळ-दीड ओळीची: अमुक ठिकाणी याच्या उलट म्हटलं आहे, ते पाहा. आणि पुष्कळदा शेवटी दोनच अक्षरं, ‘त्सादी’ आणि ‘आयिन’. ‘त्सारिख इयून’ या शब्दांचं ते संक्षिप्त रूप. अर्थ, याचा अजून विचार व्हायला हवा. आयुष्य तल्मुदमध्ये घालवलेला माणूस उत्तर न सापडल्याचं असं उघड लिहून ठेवतो, तेव्हा वाचताना हात आपोआप थांबतो. या टिपा त्यांच्या हयातीतच प्रागच्या आवृत्तीत आल्या.

१८८० ते १८८६ या काळात विल्ना शहरातल्या रोम आडनावाच्या घराण्याच्या छापखान्यानं तल्मुदची मोठी आवृत्ती काढली. मुखपृष्ठावर मुद्रक म्हणून ‘विधवा आणि बंधू रोम’ असं छापलेलं. ती विधवा म्हणजे कारभार पाहणाऱ्या डेबोरा रोम. सिर्केस, आपल्या प्रतीत अशाच दुरुस्त्या टिपणारे विल्नाचे ‘गाओन’ (थोर पंडित) एलिया आणि एगर हे तिघेही त्या पानाच्या कडेला शेजारी येऊन बसले. एकेकाळी एकेकाच्या खासगी प्रतीत असलेलं आता प्रत्येक विद्यार्थ्यासमोर आलं.

आज अभ्यासगृहांत वापरतात ती बहुतेक याच पानाची पुनर्मुद्रणं. एगर यांच्या त्या दोन अक्षरांवर उत्तरं शोधणं अजून चालू आहे. कोणाला काही सुचलं, तर उरलेल्या पांढऱ्या पट्टीत ते पेन्सिलीनं लिहिलं जातं.