आमदार-खासदारांची मालमत्ता मोबाईलवर कशी बघायची?

कसबा बावडा : बावड्यातला मतदार महापालिकेचे नगरसेवक, कोल्हापूर उत्तरचा आमदार आणि कोल्हापूरचा खासदार निवडतो. या सगळ्यांना उमेदवारी अर्जासोबत मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. सुप्रीम कोर्टाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे मतदाराला ही माहिती मिळू लागली.

आमदार-खासदारकीसाठी हे शपथपत्र 'नमुना २६' मध्ये असतं. रोकड, बँकेतल्या ठेवी, गाड्या, सोनं, कर्ज, सरकारी थकबाकी, मागच्या पाच वर्षांच्या आयकर विवरणपत्रातलं उत्पन्न असं सगळं त्यात येतं. पत्नी किंवा पती आणि अवलंबून असलेल्यांचंही लिहावं लागतं. शेतजमीन असेल तर गट नंबर, क्षेत्र, वारसानं आली की विकत घेतली, घेतली तर कधी आणि केवढ्याला, हेही. गट नंबर मिळाला की सातबारा ऑनलाइन ताडून बघता येतो. रकाना कोरा सोडलेला चालत नाही, काही नसेल तर तसं लिहावं लागतं. सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये हे स्पष्ट केलंय.

आता गोम इथं आहे. खासदारानं शपथ घेतल्यापासून ९० दिवसांत सभागृहाकडं मालमत्ता जाहीर करायची असते. आमदारासाठी लोकप्रतिनिधित्व कायद्यात अशी तरतूदच नाही. गावच्या तलाठ्याला दरवर्षी मालमत्तेचं विवरण द्यावं लागतं, आमदाराचं शपथपत्र मात्र पुढच्या निवडणुकीलाच! म्हणून २०१९ आणि २०२४ ची शपथपत्रं शेजारी ठेवून वाचावीत. नुसता आकडा वाढला म्हणून कुणाला चोर ठरवू नये, शहरालगतच्या जमिनीचे भाव आपोआप चढतात. मधल्या काळात नवीन काय घेतलं आणि उत्पन्न किती दाखवलं, तेवढं बघायचं.

ही शपथपत्रं भारत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात. जुनी 'मायनेता'वर सापडतात. नगरसेवक, जिल्हा परिषद, ग्रामपंचायतीचं काम राज्य निवडणूक आयोगाकडं आहे.

मुद्दाम खोटी माहिती दिली किंवा लपवली, तर आमदार-खासदारकीच्या उमेदवाराला कलम १२५अ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यासाठी कोर्टात तक्रार करावी लागते. निवडच रद्द करून घ्यायची असेल तर निकालापासून ४५ दिवसांत हायकोर्टात याचिका दाखल करावी लागते.

ग्रामपंचायतीत पद साध्या कारणानंही जाऊ शकतं. निवडणूक खर्चाचा हिशेब ३० दिवसांत दिला नाही, तर सदस्य पाच वर्षांसाठी अपात्र ठरू शकतो.