चार आण्यांची विहीर

आमच्या मळ्यातल्या विहिरीत चार घरांचा हिस्सा, प्रत्येकाचा चार आणे. सातबाऱ्यावर इतर हक्कात तो आजही लिहिलेला आहे. धाव, थारोळं, चाक, कणा सगळं सामाईक. बैल ज्याचे त्याचे. एका घराची पाळी दोन दिवस, मग दुसऱ्याची.

आजोबांच्या काळी मोट सगळी चामड्याची. मी पाहिली ती पत्र्याची, खाली चामड्याची सोंड. जाड नाडा मोट ओढतो आणि बारीक सोंदूर सोंडेचं तोंड वर उचलून धरतो, म्हणून वाटेत पाणी सांडत नाही. मोट वर आली की सोंदूरच सोंड थारोळ्यात ओढतो, पाणी आपसूक पडतं. बिनसोंडेची मोट रिती करायला काठावर दुसरा माणूस लागतो. इथं एकटा गडी बैल हाकतो, वर गाणंही म्हणतो. ही युक्ती कुणाच्या मालकीची नव्हती. कुणी नवी विहीर पाडली की आजोबा जाऊन सोंदराचं माप धरून दाखवायचे.

सामाईक म्हणतो खरं, पण ज्याच्या हातची सोंड, त्याला त्या विहिरीला शिवता येत नव्हतं. बाबासाहेबांनी 1927 साली महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. आमच्या मळ्यापर्यंत ते पोचायला लई वर्षं लागली. हे न सांगता मोटेचं कौतुक करणं मला पटत नाही.

1972 च्या दुष्काळात तळ दिसला. मी शाळकरी होतो. चारी घरांनी मिळून गाळ काढला. आधी प्यायला, मग जनावरांना. पिकाचं नावच नाही. भांडणं झाली, पण थारोळ्यावर झाली अन् तिथंच मिटली.

पुढं वीज आली. पहिली मोटर आमच्याच वडलांनी बसवली. पाळी मोडली नाही, दोन दिवस म्हणजे दोनच दिवस. पण मोट दिवसभरात ओढायची तेवढं पाणी मोटर न्याहारीच्या आतच उपसायची. पाळीचं माप दिवसाचं होतं, पाण्याचं नव्हतं. बैल थकायचे म्हणून ते चाललं. आमच्यानंतर ज्याची पाळी, त्याला गाळच मिळायचा. मग चार मोटरी झाल्या, मग बांधालगत बोअर. त्यातला एक माझा.

दोन बोअर आटले. मागच्या उन्हाळ्यात गाळ काढायचा म्हणून मी तिघांकडं गेलो. दोघं तयार झाले. तिसऱ्याचा पोरगा म्हणाला, "काका, पाळी दिवसावर नको, पाण्यावर ठरवा, मग येतो."

मीटर कुठं बसवायचा, यावर बोलणी अडलीत.