फॅलेनॉप्सिस
(आमर कुल, ऑर्किडेसी). घरात कुंडीत वाढविण्यास सर्वांत सोयीचे ऑर्किड. हे मूळचे दक्षिण व आग्नेय आशिया ते उत्तर ऑस्ट्रेलिया या प्रदेशांतील असून बहुतेक जाती अपिवनस्पती (झाडांच्या आधाराने वाढणाऱ्या) आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लूमे यांनी १८२५ मध्ये या प्रजातीचे वर्णन केले. कुंडीत साध्या मातीत लावल्यास याची मुळे गुदमरून कुजतात. म्हणून सालीचे तुकडे, कोळसा व नारळाचा काथ्या वापरतात. मुळांवरील स्पंजासारखे आवरण कोरडे असताना रुपेरी, भिजल्यावर हिरवे दिसते. ते रुपेरी झाल्यावरच पाणी द्यावे. पानांच्या बेचक्यात पाणी साचल्यास कोंब कुजतो. पूर्वेच्या खिडकीतील सौम्य उजेड मानवतो. कडक उन्हाने पाने करपतात. काही आठवडे रात्रीचे तापमान १६–१८° से. राहिल्यास फुलांचा दांडा येतो. फुले दोन-तीन महिने टिकतात.