अंतर्गत विकासकामे (जमीन विकसन करारातील)

विकसनासाठी घेतलेल्या जमिनीच्या हद्दीत, ती जमीन राहण्या-वापरण्याजोगी व्हावी म्हणून करावयाची कामे. रस्ते, पाणीपुरवठा, मलनिस्सारण, पावसाळी गटारे, वीज, पथदिवे, मोकळ्या जागा आणि वृक्षलागवड यांचा त्यांत समावेश होतो. इमारतीचे बांधकाम यात धरत नाहीत. रेखांकनाची अंतिम मंजुरी, प्लॉटचा भाव, ताबा आणि पुढची देखभाल या साऱ्यांचा संबंध या कामांशी येतो. त्यामुळे विकसन करारात त्यांची व्याख्या जितकी नेमकी, तितके पुढचे तंटे कमी.

व्याप्ती : स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, 2016 यात अंतर्गत विकासकामांची व्याख्या दिली आहे. रस्ते, पदपथ, पाणी, गटारे, उद्याने व दिवे यांबरोबर सांडपाण्यावरील प्रक्रिया, घनकचरा व्यवस्थापन, जलसंधारण, अग्निसुरक्षा आणि शाळा-दवाखान्यांसारख्या सामाजिक सुविधाही तिच्यात येतात. मात्र ही कामे मंजूर नकाशानुसार असावी लागतात. माहितीपत्रकात दिसणारे प्रवेशद्वार किंवा कारंजे मंजूर नकाशात नसेल, तर करारात त्याचा वेगळा उल्लेख करून घेणे हिताचे ठरते.

अंतर्गत व बाह्य कामे : याच अधिनियमात बाह्य विकासकामांचीही व्याख्या आहे. रस्ते, पाणीपुरवठा, मलनिस्सारण आणि घनकचरा ही नावे दोन्ही व्याख्यांत आढळतात. म्हणजे काम कोणते यापेक्षा ते कुठे होते यावर त्याचा प्रकार ठरतो. प्रकल्पासाठी पण त्याच्या कडेला किंवा हद्दीबाहेर केलेले काम बाह्य होय. नगरपालिकेची मुख्य जलवाहिनी रेखांकनापासून अर्धा किलोमीटर दूर असेल, तर आतील नळ तयार असूनही प्लॉटला पाणी मिळत नाही. मधल्या वाहिनीचा खर्च कोणी करायचा हे लिहिलेले नसल्यास मालक विकसकाकडे, विकसक पालिकेकडे आणि प्लॉटधारक दोघांकडे बोट दाखवतो. यासाठी प्रत्येक सेवेचा जोडणीबिंदू नकाशावर दाखवावा. विकास आराखड्यातला रस्ता रेखांकनातून जात असेल तर आणखी एक प्रश्न येतो. जागा हद्दीच्या आत, पण रस्ता साऱ्या गावाचा. तो कोणी बांधायचा आणि जागेच्या मोबदल्यात मिळणारा विकास हक्क (टीडीआर) कोणाचा, याचे स्वतंत्र कलम लागते.

मालक व विकसक यांतील करार : विकसन करारनाम्यात जमीनमालकाला अनेकदा पैशांऐवजी ठरावीक हिश्शाचे ‘विकसित प्लॉट’ मिळतात. येथे ‘विकसित’ म्हणजे काय, हे अंतर्गत कामांच्या तपशिलावरूनच ठरते. ‘आवश्यक ते रस्ते करून देणे’ एवढ्यावर मुरूम टाकून रोलर फिरवलेला रस्ताही बसवता येतो. त्याऐवजी ‘9 मीटर रुंद रस्त्यात 6 मीटर डांबरी पट्टा, खाली सोलिंग व खडीकरण, दोन्ही बाजूंस पक्के गटार’ असे लिहिले की काम मोजून घेता येते. क्रमही नमूद करावा : आधी मलवाहिनी व चेंबर, मग जलवाहिनी आणि केबलसाठी पाइप, शेवटी डांबरीकरण. हा क्रम चुकला की नवा रस्ता पहिल्याच वर्षी खोदला जातो आणि त्याच्या दुरुस्तीचा धनी कोणी राहत नाही. मापे, दर्जा, मुदत, खर्चाची जबाबदारी, तपासणी करणारा अभियंता आणि काम अपुरे राहिल्यास भरपाई या सहा बाबी कलमात असल्या तर मालकाचा हिस्सा खऱ्या अर्थाने सुरक्षित होतो.

नियोजन प्राधिकरणाची भूमिका : महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 खाली विकास परवानगी घ्यावी लागते. मुंबई महानगरपालिका व काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यात 2020 ची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यानुसार 0.4 हेक्टर वा त्याहून मोठ्या रेखांकनात 10 टक्के जागा खुली ठेवावी लागते, आणि अंतर्गत रस्ता जितका लांब तितकी त्याची किमान रुंदी वाढते. व्यवहारात आधी तात्पुरते रेखांकन मंजूर होते, मग मोजणी व हद्दीचे दगड, आणि त्यानंतर अंतिम रेखांकन. प्लॉटचे वेगळे सातबारे ही त्यापुढची पायरी.

हरियाणात अंतर्गत कामे करण्याची बांधिलकी थेट कराराच्या रूपात आहे. तेथील 1975 च्या नागरी क्षेत्र विकास कायद्यानुसार वसाहतीचा परवाना घेणाऱ्याला शासनाशी करार करावा लागतो आणि विकासकामांच्या अंदाजित खर्चाच्या 25 टक्के रकमेची बँक हमी द्यावी लागते. पूर्णत्वाच्या दाखल्यानंतर पाच वर्षे रस्ते, उद्याने व मोकळ्या जागांची देखभाल त्याच्याकडेच राहते. मग त्या विनामूल्य शासनाकडे किंवा स्थानिक संस्थेकडे जातात.

अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने 1928 मध्ये प्रसिद्ध केलेल्या नगरनियोजनाच्या नमुना कायद्यात, कामे पूर्ण होण्याआधी मंजुरी हवी असल्यास त्याऐवजी हमीपत्र स्वीकारण्याची सोय होती. पुढे डोलन विरुद्ध टायगार्ड शहर (1994) या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींना मर्यादा घातली. दुकानाच्या विस्ताराला परवानगी देताना शहराने पूरक्षेत्रातील जागा व सायकलमार्गासाठी पट्टा मागितला होता. मागणी आणि विकासाचा परिणाम यांत ढोबळ तरी प्रमाण असल्याचे शहराने दाखवले पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले.

मालकी व देखभाल : रेखांकनातील बागेची जागा कोणाची, हा जुना वाद आहे. पंडित चेतराम वशिष्ठ विरुद्ध दिल्ली महानगरपालिका या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की मोबदला न देता अशा जागेची मालकी महापालिकेला मागता येणार नाही. पण मालकालाही ती जागा मनाप्रमाणे वापरता येणार नाही, तो ती रहिवाशांच्या हितासाठी विश्वस्ताप्रमाणे धारण करतो. खुली जागा विकून खाणाऱ्यांविरुद्ध रहिवाशांच्या हाती असलेला हा भक्कम आधार आहे.

खरेदीदाराचे संरक्षण : 2016 च्या अधिनियमाखाली खरेदीदारांकडून घेतलेल्या रकमेपैकी 70 टक्के रक्कम स्वतंत्र बँक खात्यात ठेवून ती जमीन व बांधकाम यांच्या खर्चासाठीच वापरावी लागते. रेखांकनात बदल करायचा तर किमान दोन तृतीयांश खरेदीदारांची आगाऊ लेखी संमती लागते. ताब्यापासून पाच वर्षांत सेवासुविधांमध्ये दोष आढळल्यास प्रवर्तकाने (विकसकाने) तो 30 दिवसांत विनाखर्च दुरुस्त करायचा असतो. इमारतीच्या भेगांइतकाच हा नियम तुंबणाऱ्या गटारालाही लागू आहे.

ही कामे न झाल्यास : मंजुरीविना गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनींवर महाराष्ट्रात मोठ्या वस्त्या उभ्या राहिल्या. पुणे, सांगली, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) अशा शहरांच्या कडेला हे चित्र ठळक आहे. त्यांच्यासाठी महाराष्ट्र गुंठेवारी विकास (नियमाधीन करणे, श्रेणीवाढ व नियंत्रण) अधिनियम, 2001 करण्यात आला. 2021 मधील दुरुस्तीने तो 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या विकासाला लागू झाला. प्रशमन शुल्क व विकास शुल्क भरून प्लॉट नियमित होतो आणि त्या निधीतून जागेवरच्या सोयी करणे अपेक्षित असते. विकणाऱ्याने टाळलेला रस्ता अशा रीतीने विकत घेणाऱ्याला दुसऱ्यांदा पैसे मोजून मिळवावा लागतो, आणि घरे उभी राहिल्यावर त्या रस्त्याची रुंदी वाढवणे बहुधा शक्य राहत नाही.