एका बेअरिंगची तीन नावे

जुन्या मोटारसायकलींविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते त्यात टाकीचा रंग असतो, सायलेन्सरचा आवाज असतो आणि बहुधा कुणाचे तरी वडील असतात. इंजिन खोलून पुन्हा उभे करताना काम जिच्यापाशी अडते ती वस्तू मात्र या लेखनात सहसा येत नाही. ती वस्तू म्हणजे बेअरिंग. दोन पोलादी कड्या, मधे छर्रे, आणि कडीच्या कडेवर कोरलेली काही अक्षरे व आकडे, एवढाच तिचा ऐवज. पण इंग्लंडच्या यंत्रोद्योगाचे काय झाले हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने ते कोरलेले आकडे वाचावेत असे आम्हांस वाटते.

उदाहरण म्हणून १९५९ साली बाजारात आलेली ट्रायम्फ बोनव्हिल घेऊ. कॉव्हेंट्रीजवळच्या मेरिडन येथील कारखान्यात ती तयार होई. तिचा क्रँकशाफ्ट पेलणाऱ्या मुख्य बेअरिंगचे माप इंचात आहे : आतला व्यास सव्वा नव्हे, एक पूर्णांक एक अष्टमांश, बाहेरचा दोन पूर्णांक तेरा षोडशांश, रुंदी तेरा षोडशांश. या एकाच मापाला हॉफमनच्या यादीत ‘एमएस ११’ म्हणत, रॅन्सम अँड मार्ल्सच्या यादीत ‘एमजे १ १/८’, आणि एसकेएफच्या यादीत ‘आरएमएस ९’. त्यातच मोटारसायकल कंपनीने आपला वेगळा सुटा-भाग क्रमांक दिलेला. म्हणजे पुनर्बांधणी करणाऱ्याचे पहिले काम पाठचिकित्सेचे. नावे भिन्न असली तरी वस्तू एकच, हे ताडून पाहिल्याखेरीज त्याला बाजारात पाऊल टाकता येत नाही.

ही तीन नावे तीन गावांतून आली. हॉफमनचा कारखाना चेम्सफर्ड येथे १८९८ साली सुरू झाला. रॅन्सम अँड मार्ल्स नेवार्कची. आणि एसकेएफ ही स्वीडनमधील गोथेनबर्गची, १९०७ साली स्वेन विंगक्विस्ट यांच्या शोधावर उभी राहिलेली कंपनी. १९६९ साली हॉफमन, रॅन्सम अँड मार्ल्स आणि पोलार्ड या तिघींना एकत्र आणून ‘आरएचपी’ ही कंपनी घडवण्यात आली. त्यामागे ब्रिटिश सरकारच्या औद्योगिक पुनर्रचना मंडळाचा पुढाकार होता, आणि हा धंदा परकीयांच्या हाती जाऊ नये ही इच्छा. चेम्सफर्डचा कारखाना १९८९ साली बंद पडला; १९९० साली आरएचपी जपानच्या एनएसकेकडे गेली. मेरिडन त्याआधीच, १९८३ साली, संपले होते. मोटारसायकल आणि तिचे बेअरिंग यांनी इतक्या जवळजवळ वर्षांत देह ठेवावा, हा आम्हांस निव्वळ योगायोग वाटत नाही. गिऱ्हाईक बुडाले की पुरवठादार फार काळ तगत नाही.

याउलट मिलिमीटरवाल्या बेअरिंगचे पाहा. ‘६३०६’ हा आकडा कोणत्याही कारखान्याच्या मालकीचा नाही. सहा म्हणजे खोल खोबणीचे छर्ऱ्यांचे बेअरिंग, तीन म्हणजे मध्यम वजनाची मालिका, शेवटचे दोन अंक पाचाने गुणले की आतला व्यास : तीस मिलिमीटर. बाहेरचा बहात्तर, रुंदी एकोणीस. हे बेअरिंग पंपात असते, पंख्याच्या मोटरीत असते, पिठाच्या गिरणीत असते. कारखाना बुडाला तरी आकडा बुडत नाही. ब्रिटनने मेट्रिक मापांकडे वळण्याची घोषणा १९६५ साली केली. तोवर आपल्या इंजिनांची एक अख्खी पिढी त्याने इंचात बांधून ठेवलेली होती.

येथेच एक मोह उभा राहतो. ट्रायम्फच्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये ७१.४४ भरतो, ६३०६ चा ७२. फरक अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक. घर थोडे बोअर करावे, शाफ्टवर बुश चढवावा, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातले स्वस्त बेअरिंग बसवून मोकळे व्हावे, असा सल्ला लेथवाले देतात. तो चुकीचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. गाडी त्याने चालेल. पण अॅल्युमिनियमच्या क्रँककेसमधून काढलेला थर परत घालता येत नाही, आणि त्यानंतर मूळ मापाचे बेअरिंग हाती आले तरी त्याला घर उरलेले नसते. इंची मापांची काही बेअरिंगे आजही नव्याने बनतात, महाग का असेनात. ती शोधण्याचे कष्ट आधी घ्यावेत.

माप जुळले तरी एक पाठभेद उरतोच, तो टिंबांचा. जुन्या ब्रिटिश बेअरिंगवर आतली मोकळीक टिंबांनी दाखवीत. तीन टिंबे म्हणजे आजच्या भाषेत ‘सी ३’, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त मोकळीक. घट्ट बसवल्यावर कड्या दबतात, तापल्यावर शाफ्ट फुगतो, आणि ही मोकळीक तेवढ्यासाठीच ठेवलेली असते. टिंबे न वाचता नुसता क्रमांक सांगणाऱ्याला साधे बेअरिंग मिळते. ते हातात सुरेख फिरते आणि इंजिनात जळते.

नॉर्टनची कथा वेगळी आणि काहीशी विनोदी. ही कंपनीही इंग्रजच, पण तिच्या कमांडोची मुख्य बेअरिंगे मात्र ३०६ मालिकेतील, म्हणजे मेट्रिक मापाची. १९७२ च्या ‘कॉम्बॅट’ इंजिनात कॉम्प्रेशन दहास एक केले, ताकद ६५ अश्वशक्ती सांगितली, आणि बेअरिंगे पटापट फुटू लागली. वेगात क्रँकशाफ्ट वाकत होता. सरळ रोलरच्या कडा कडीत रुतत होत्या. उपाय म्हणून मधे किंचित फुगीर रोलर असलेले ‘सुपरब्लेंड’ आले. माप तेच राहिले, पोटातला आकार बदलला. आज कमांडो उघडणारा मनुष्य जर्मन एफएजीचे ‘एनजे ३०६ ई’ मागवतो आणि आठवड्यात काम संपवतो. मूळ बेअरिंगच हवे असा हट्ट येथे धरणाऱ्यास आम्ही इतिहासप्रेमी म्हणणार नाही. तो मूळ दोष जपतो आहे.

राहिला बाजार. हॅम्पशरमधील ब्यूली येथे १९६७ पासून जुन्या सुट्या भागांची जत्रा भरते. मेणकागदात गुंडाळलेली, कधीही न वापरलेली हॉफमनची बेअरिंगे तशा जत्रांत सापडतात. त्यांवर भाळण्यापूर्वी आतले ग्रीस पाहावे. पन्नास वर्षांत ते मेणासारखे घट्ट होते, आणि त्याखाली छर्ऱ्याला गंजाचा एखादा ठिपका असला तर डबी कितीही देखणी असो, बेअरिंग कपाटात ठेवण्याच्या लायकीचेच. दुसरा धोका बनावट मालाचा. त्याविषयी मोठे उत्पादक स्वतःच इशारे देत असतात. आपल्याकडे चिंचवडला एसकेएफचा कारखाना १९६० च्या दशकापासून आहे, पण ज्याचे नाव मोठे त्याचीच नक्कल अधिक, त्यामुळे अधिकृत विक्रेत्याची पावती हाच त्यातल्या त्यात भरवशाचा आधार. बाकी निकामी बेअरिंगचा आपल्या गल्लीबोळांत एकच उपयोग ठरलेला होता : पोरांची फळीची गाडी.

बेअरिंग बसवण्याची रीत सोपी आहे. क्रँककेस सुमारे शंभर अंशांपर्यंत सारखी तापवावी. बेअरिंग थंड असले की ते आपल्याच वजनाने घरात उतरते, हातोडा लागत नाही. जाणते कारागीर ते बसवताना कोरीव क्रमांकाची बाजू वर, दिसेल अशी ठेवतात. पुढे कधी इंजिन उघडले गेले, तर उघडणाऱ्याला तो वाचता यावा म्हणून.